गजाचा पिंजरा, मोतीचा हूक

धारवाडहून परतल्यापासून गल्लीत मला एकच प्रश्न विचारतात. एवढं थोरलं कुत्रं, बेचाळीस किलोचं, सव्वाचारशे किलोमीटर गाडीतून नेलंत कसं? खालच्या मजल्यावर पुण्याहून आलेलं एक तरुण जोडपं राहतं. त्यांना उन्हाळ्यात आपला लॅब्राडोर गावी न्यायचा आहे. ती दोघं तर फोनमध्ये टिपून घ्यायच्या तयारीनंच आली. मी त्यांना मापं दिली. पिंजऱ्यात कुत्र्याला ताठ उभं राहता आलं पाहिजे, जागच्या जागी वळता आलं पाहिजे, पाय पसरून झोपता आलं पाहिजे. त्याहून जास्त जागा नको, ब्रेक लागला की त्या मोकळ्या जागेतच कुत्रं आपटतं. पिंजरा सीटला नाही, गाडीच्या तळाला आवळायचा. निघण्याआधी चार तास खायला काही नाही. दर दोन तासांनी थांबायचं. आणि दार उघडण्याआधी दोरी हातात.

"काका, हे सगळं लिहून काढा ना प्लीज," ती मुलगी म्हणाली. "प्रवासासकट लिहा."

म्हणून लिहितो आहे. पण मापं सांगून झाली की मी गप्प बसतो, हे तिला ठाऊक नाही. मापांच्या पलीकडचं मी सहा वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. ते ह्या प्रवासात सांगावं लागलं. आता ते गाळून लिहिलं तर पुन्हा तेच केल्यासारखं होईल.

पीण्या

बंगळूरच्या कारखान्यांच्या वस्तीत, पीण्यात, माझं पत्राकामाचं लहानसं वर्कशॉप आहे. आमचं घराणं बंगळूरला इतक्या पिढ्यांपूर्वी आलं की कुठून आलं हेही कुणाला नीट सांगता येत नाही. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड. वडिलांना आमच्यात अण्णा म्हणतात. माझी मुलगी मुक्ताही मला अण्णाच म्हणते. म्हणजे फोन करते तेव्हा म्हणते. ती धारवाडला शिकायला गेली आणि नोकरी धरून तिथंच राहिली.

जानेवारीत तिचा फोन आला. तिच्या बंगळूरच्या मैत्रिणीचं कुटुंब परदेशी निघालं होतं आणि त्यांचं कुत्रं, गजा, कुणी घ्यायला तयार नव्हतं. ग्रेट डेनचं रक्त, बाकी काय मिसळलंय ते देव जाणे.

"मी ठेवून घेते त्याला," मुक्ता म्हणाली. "तुम्ही आणून द्याल?"

सहा वर्षांत तिनं कुत्र्याचं नाव काढलं नव्हतं. मी हो म्हटलं. मग ती म्हणाली, "अण्णा, एक करा. बाजारातला हूक नको. तुम्ही स्वतः घडवा. तुमच्या हातचा तुटणार नाही."

ती असं का म्हणाली ते सांगतो. सहा वर्षांपूर्वी तिला धारवाडच्या कॉलेजात सोडायला मी गाडीनं निघालो होतो. मागच्या सीटवर मोती होता, आमचा काळा लॅब्राडोर. चार वर्षांचा, मुक्तानं बाटलीनं दूध पाजून वाढवलेला. शिऱ्याच्या पुढे त्यानं खिडकीतून उडी घेतली आणि तो पुन्हा दिसला नाही. त्याच्या छातीपट्ट्याचा हूक तुटला होता, असं आमच्या घरी सगळे जाणतात. तो हूक मुक्तानं मार्केटातून स्वतः निवडून आणला होता. त्यामुळे मोती आपल्यामुळे गेला, असं ती धरून बसली होती.

पिंजरा नंजुंडप्पानं जोडला. वीस वर्षं माझ्याकडे वेल्डिंग करतो आहे. चौकोनी पाइप, बारीक जाळी, कडा घासून गुळगुळीत केलेल्या, खाली रबराची चटई. गाडीची मागची सीट काढून टाकली.

"सार, हे कुत्र्यासाठी की हत्तीसाठी?" त्यानं विचारलं.

"नाव गजाच आहे."

"मग सरी, बरोबर आहे."

हूक मी घडवला. पिंजरा उघडला तरी कुत्रं बाहेर झेपावू नये म्हणून गाडीच्या तळाला एक कडी, तिच्यात दोरी आणि दोरीच्या टोकाला हा हूक, असं ते होतं. आमच्या शेडमध्ये एक रीत आहे. वजन पेलायची वस्तू बाहेर जाण्याआधी जो ती घडवतो, त्यानं तिला लटकून दाखवायचं. नंजुंडप्पानंच ती पाडली. तेव्हा ह्या खेपेला पाळी माझी होती. चोपन्न वर्षांचं वय, अठ्ठ्याहत्तर किलो, हूक वरच्या गर्डरला अडकवून, त्याचा पट्टा हाताला गुंडाळून मी स्वतःला टांगून घेतलं.

"वीसपर्यंत मोजतो," तो म्हणाला, आणि लबाडानं मुद्दाम सावकाश मोजलं. लटकताना माझ्यासमोर माझ्या टेबलावरचा जुना व्हाइस होता, लोखंड पकडून धरायचा. मी डोळे मिटून घेतले. नंजुंडप्पाला वाटलं, मी घाबरलो.

क्यातसंद्र

पहाटे पाचला निघालो. मी, माझी बायको सुलभा, आणि मागे गजा. नेलमंगलपर्यंत तो विव्हळत होता, पुढे त्यानं नुसता सुस्कारा सोडला आणि जाळीला नाक लावून पडून राहिला. आरशात त्याचा एक डोळा मला सारखा दिसत होता.

तुमकूरच्या अलीकडे क्यातसंद्रला तट्टे इडली खाल्ली. ताटलीएवढी पसरट इडली, वर लोण्याचा गोळा. सुलभा बेळगावची. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली तरी तिचा आमच्या बंगळुरी इडलीवर विश्वास नाही.

"इडली कसली, उशी आहे ही," ती म्हणाली आणि दुसरी मागवली.

दोरी हातात, हूक पट्ट्याला, मग पिंजऱ्याचं दार, ह्याच क्रमानं मी गजाला खाली उतरवला. तो लांब टांगा टाकत उतरला तशी हॉटेलबाहेरची माणसं दोन पावलं मागं सरली. एक आजोबा मात्र जागचे हलले नाहीत. त्यांनी त्याला डोक्यापासून शेपटीपर्यंत पाहिलं आणि कन्नडमध्ये विचारलं, "दूध किती देतो?" सुलभा हसून हसून गाडीला टेकली. मीही हसलो. नारळीच्या बागांवर ऊन आलं होतं. असंच ऊन त्या दिवशीही होतं, आणि मुक्ता माझ्या शेजारी पाय वर घेऊन बसली होती, तोंडात इडली, आणि अखंड बडबड. तिची ती बडबड मला आता फोनवर मिळत नाही.

शिरा

शिऱ्याच्या अलीकडे रस्त्याला लागून एका बाईंची चहाची टपरी आहे. मी गाडी उभी केली. बाईंनी पातेल्यावरून मान वर करून विचारलं, "नायी सिक्ता, सार?"

कुत्रं सापडलं का, असं त्या विचारत होत्या. सहा वर्षांपूर्वी मी त्यांच्याकडे माझा नंबर लिहून ठेवला होता. त्यानंतर ह्या रस्त्यानं एकटा जितक्या वेळा गेलो, तितक्या वेळा त्यांनी हेच विचारलं, आणि मी मान हलवून चहा घेतला. शिऱ्याच्या आसपास मी गाडी आपोआप हळू करतो. काळं काही दिसलं की थांबतो. मोती आज असता तर दहा वर्षांचा असता, तोंडाभोवती पांढरा झाला असता. हे कळतं, तरी मी शोधतो तो चार वर्षांचाच.

"तुम्ही दर वेळी इथं थांबता?" सुलभानं हळू आवाजात विचारलं. तिला हे माहीत नव्हतं.

मागे गजा पुन्हा विव्हळायला लागला. ती उठून त्याच्याशी बोलायला गेली. "अहो, सोडा की ह्याला. स्वल्प वेळ मागं मोकळा बसू दे, मी धरते. बिचारा बघा कसा बघतोय."

"नाही!"

मी एवढ्या मोठ्यानं ओरडलो की चहावाल्या बाईंच्या हातातला कप हिंदकळला. सुलभा गाडीत जाऊन बसली.

शिरा मागे टाकून पाच-सात किलोमीटर गेलो असू. बाजूच्या भुईमुगाच्या रानातून एकदम मेंढरं रस्त्यावर आली, शे-दीडशे तरी, पुढे घोंगडीवाला धनगर. मी ब्रेक दाबला. गाडी घसरत जाऊन थांबली. गजा उसळून उठला, जाळीवर आदळला, अख्खी गाडी हलेल असा भुंकला. पिंजरा तसूभर हलला नाही. मेंढरं दोन्ही अंगांनी वाहत गेली. धनगरानं आमच्याकडे बघून हात वर केला.

सुलभानं छातीवरचा हात काढला आणि म्हणाली, "मोतीच्या वेळी असा पिंजरा असता तर."

मी गाडी कडेला घेतली. इंजिन बंद केलं. मग तिला सांगितलं.

हूक तुटला नव्हता. त्या दिवशी मुक्ताला टपरीपाशी गाडीतच झोप लागली होती. मोती मागून माझ्याकडे बघत होता, आज गजा बघत होता तसाच. मुलीला मी त्या सबंध वाटेत एकदासुद्धा म्हणालो नव्हतो, की तू गेल्यावर मला घर खायला उठेल. मला असलं बोलता येत नाही. तिच्यासाठी काही करता येत नव्हतं म्हणून मी कुत्र्यासाठी केलं. हात मागे घालून त्याचा हूक सोडला, त्याच्या बाजूची काच अर्ध्यापर्यंत खाली घेतली. त्यानं डोकं बाहेर काढलं, कान वाऱ्यावर उडायला लागले, मला फार बरं वाटलं. पुढे अशीच मेंढरं आली. मी वेग कमी केला आणि तो गेला. बांधावरून खाली, मेंढरांच्या मागं, वेड्या बाभळींत. धनगराची कुत्री त्याच्या मागं लागली. मुक्ता दचकून जागी झाली. तिनं मागची सीट पाहिली, उघडी काच पाहिली.

"हूक?" तिनं विचारलं.

"तुटला," मी म्हणालो.

तेवढा एकच शब्द. काचेचं तिनं विचारलं नाही. त्या दिवशी उकाडा होता. दोन दिवस आम्ही दोघं ती बाभळीची रानं हिंडलो, तिचा आवाज बसला. तिच्या नकळत उचललेला अख्खा हूक सगळा वेळ माझ्या खिशात होता. तिथूनच परत फिरून बंगळूरला आल्यावर तिनं तो बघायला मागितला. सोमवारी वर्कशॉपमध्ये कुणी नसताना मी तो व्हाइसमध्ये धरला, हातोड्यानं तोडला आणि घरी आणून तिच्या हातावर ठेवला.

सुलभा समोरच्या काचेतून बघत होती. तशीच बघत म्हणाली, "मला कशाला सांगताय? हूक काय मी आणला होता?" मग म्हणाली, "चला. आज तिला सांगायचं. मी मध्ये बोलणार नाही."

दावणगेरे

चित्रदुर्गाच्या डोंगरावरच्या पवनचक्क्या गेल्या, कांद्याचे ढीग गेले. एरवी ह्या वाटेवर सुलभा प्रत्येक गावाचं काही ना काही सांगते. दावणगेरेला बेण्णे दोसे मागवले ते तिनंच. लोण्यात भिजलेले, कडा कुरकुरीत, सोबत बटाट्याची पांढरी भाजी. मी ताटलीकडे बघत बसलो.

"खा," ती म्हणाली. "रिकाम्या पोटी गेलात तर तुम्हाला निमित्तच मिळेल. चक्कर आली म्हणून गप्प बसाल."

मी खाल्लं. सावलीत गजाला पाणी दाखवलं. तो पाणी पितो तसा आवाज मोतीचाही यायचा, चपचप, अर्धं पाणी जमिनीवर. पुढे ब्याडगीच्या बाजूला खळ्यांवर मिरच्या वाळत घातलेल्या, रस्त्याच्या कडेला लालच लाल, वाऱ्याबरोबर ठसका. गजा एकामागून एक सात वेळा शिंकला. सातव्या शिंकेला सुलभा हसली आणि मग आपण हसलो हे लक्षात येऊन तिनं तोंड फिरवलं.

धारवाड

मुक्ताचं घर भाड्याचं, बैठं, अंगणात आंबा. ती फाटकाशीच उभी होती. तिच्या कानापाशी एक पांढरा केस दिसला. सव्वीस वर्षांची माझी मुलगी. मी क्रमानं सगळं केलं: फाटक लावलं, दोरी, हूक, मग दार. गजा उतरला. ती खाली बसली. त्यानं तिचे हात हुंगले, मान हुंगली, आणि आपलं ते अवाढव्य डोकं तिच्या खांद्यावर टाकलं. ती त्याच्या कानामागं खाजवत राहिली. मोतीला खाजवायची तसंच, दोन बोटांनी.

मग तिनं हूक हातात घेऊन पाहिला. चाप दाबून पाहिला. "किती सुरेख केलाय, अण्णा. लटकलात?"

"लटकलो."

"किती?"

"वीस."

ती हसली. असं हसताना मी तिला फार दिवसांनी पाहत होतो, आणि माझ्यापुरतं म्हणाल तर प्रवास तिथंच संपला असता तर बरं झालं असतं. सुलभा ओट्यावर बसली होती. ती माझ्याकडे बघत नव्हती.

"मुक्ता, तुझा हूक तुटला नव्हता," मी म्हणालो. "मी सोडला होता."

बाकीचं मी उभ्यानंच सांगितलं. व्हाइसचंही. ती कुत्र्याच्या मानेवर हात ठेवून ऐकत होती. संपल्यावर तिनं एकच विचारलं.

"काचसुद्धा तुम्हीच?"

"हो. अर्धी."

आंब्यावर साळुंक्यांचा गोंधळ चालला होता. गजा खाली बसला, मग तिच्या पायावर पसरला.

"मी तो तुटका हूक घेऊन मार्केटात गेले होते," ती म्हणाली. "तुम्हाला सांगितलं नाही मी. दुकानात गर्दी होती. मी तो त्या आजोबांच्या पुढ्यात टाकला आणि म्हटलं, तुमच्यामुळे माझं कुत्रं मेलं. काय वाट्टेल ते बोलले, अण्णा. त्यांची सून आतून बघत होती. ते उठून उभे राहिले, हात जोडले. मला म्हणाले, चूक झाली बाळ." तिनं गजाचा कान बोटांत धरला. "सहा वर्षं मी त्या गल्लीत पाऊल ठेवलं नाहीये."

मी काहीतरी बोलायला गेलो. तिनं हात वर केला.

"आधी त्यांच्याकडे जा. तिथून मला फोन करा. त्याच्या आधी नको."

आम्ही दोन दिवस राहणार होतो. दुसऱ्या दिवशी सकाळीच निघालो. तिनं ज्वारीच्या भाकरी आणि शेंगाचटणीचं पुडकं आईच्या हातात दिलं. मी गाडीत बसल्यावर ती माझ्या काचेपाशी आली, वाकली, आणि पुन्हा सरळ झाली. मागच्या रिकाम्या पिंजऱ्याचं दार घरापर्यंत खडखडत होतं.

बंगळूर

मार्केटच्या मागच्या गल्लीत ते दुकान अजून आहे. गुरांचे कासरे, घुंगरं, घोड्याचे लगाम, कुत्र्यांचे पट्टे, सगळं छताला टांगलेलं. गल्ल्यावर बसलेले आजोबा आता ऐंशीच्या घरातले. मी नाव सांगितलं, ते त्यांना माहीत असण्याचं कारण नव्हतं. मग म्हटलं, सहा वर्षांपूर्वी एक मुलगी तुटका हूक घेऊन रडत आली होती.

"काळ्या कुत्र्याची मुलगी," ते कन्नडमध्ये म्हणाले. "तुम्ही वडील?"

मी हो म्हटलं आणि सगळं सांगितलं. दोन गिऱ्हाइकं उभी होती, त्यांच्यासमोरच सांगितलं, कारण मुक्ता गर्दीसमोर बोलली होती. आजोबांनी एका गिऱ्हाइकाला दोरी मोजून दिली, दुसऱ्याला थांबायला सांगितलं आणि मला बाकावर बसवलं.

"मला माहीत होतं," ते म्हणाले.

मला कळेना.

"त्या हुकावर व्हाइसच्या दातांच्या खुणा होत्या. कुत्र्यानं ओढलेला हूक आधी वाकतो, लांबतो. तो तर जागच्या जागी तुटला होता. साठ वर्षं हेच विकतोय मी."

"मग तुम्ही तिला का नाही सांगितलंत?"

त्यांनी चष्मा काढून धोतराला पुसला. "रडत होती. मी म्हटलं, हे हिच्या घरातल्या कुणीतरी केलंय. मी खरं सांगितलं तर ही ते घेऊन घरी जाणार. माझ्याशी भांडली तर काय, मी तिचा कोण लागतो?"

मी तिथूनच मुक्ताला फोन लावला.

"गेलात?"

"दुकानातच आहे."

"काय म्हणाले?"

दातांच्या खुणांपासून शेवटच्या वाक्यापर्यंत, ते म्हणाले तसंच सांगितलं. पलीकडून फक्त गजाची धाप ऐकू येत होती, अगदी जवळून.

"त्यांना द्या फोन."

आजोबांनी फोन दोन्ही हातांत धरला. ती काय बोलली मला ऐकू आलं नाही. ते मान हलवत होते. "आयतु मगळे," म्हणाले, झालं गं पोरी, "आयतु, आयतु." मग फोन माझ्याकडे दिला. मला वाटलं तिनं ठेवला असेल. ठेवला नव्हता.

"अण्णा."

"हं."

"गजाला फिरवायला नेतेय." पट्टा खुळखुळला, चाप मिटल्याचा आवाज आला. तो आवाज मी ओळखला, माझ्या हुकाचा. ती म्हणाली, "हूक घट्ट आहे."

मग फाटकाची कडी वाजली आणि फोन बंद झाला. मी तो तसाच कानाला धरून बाकावर बसून राहिलो.